बेचाळीसच्या आसपास

गोव्यातल्या एका कॉलेजच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये सबमिशनच्या आदल्या दिवशी जर्नलांचा ढीग टेबलावर पडला होता. सगळ्यांत वरच्या जर्नलात यीस्ट मोजण्याच्या प्रॅक्टिकलचं पान उघडं होतं. काजूच्या बोंडांचा आंबलेला रस पन्नास पट पातळ करून हिमोसायटोमीटरवर, म्हणजे पेशी मोजायच्या चौकोन आखलेल्या काचेवर, घेतलेला, आणि चार कोपऱ्यांच्या चार चौकोनांतल्या पेशींचे आकडे निळ्या पेनाने लिहिलेले: ४२, ४३, ४२, ४१. त्यांच्या खाली खोडरबर फिरवूनही पेन्सिलीचे वळ राहिले होते. पान उजेडाकडे तिरकं धरलं की ते वाचता येत होते: ३८, ५१, ४४, ३५. जर्नल टीवायच्या एका मुलीचं होतं. विचारल्यावर तिने सरळ सांगितलं, "पहिली रीडिंग बरोबर येत नव्हती. एवढा फरक बघून एक्स्टर्नल म्हणतील, हिला मोजायलाच येत नाही." तिच्या सांगण्यात चोरटेपणा अजिबात नव्हता. चांगलं मोजलं की आकडे एकसारखे येतात, असं तिला मनापासून वाटत होतं. तिला तसं वाटावं अशीच आपली शाळा-कॉलेजं गेली कित्येक वर्षं चालली आहेत, आणि म्हणून ते पान डोक्यातून जात नाही.

दोन्ही ओळींची सरासरी बेचाळीसच.

उत्तराच्या रकान्यात काही बदललं नाही. बेचाळीस गुणिले पन्नास गुणिले दहा हजार, म्हणजे मिलिलिटरला दोन कोटी दहा लाख पेशी, हे उत्तर आधीही तेच होतं आणि नंतरही तेच राहिलं. पुसलं गेलं ते वेगळंच काही. पेशी द्रवात स्वैर विखुरलेल्या असतील, तर सारख्या आकाराच्या चार चौकोनांत त्या सारख्या संख्येने उतरणार नाहीत. सरासरी ४२ असेल, तर ४२च्या वर्गमूळाइतकं, म्हणजे साधारण साडेसहाने, आकड्यांनी मागेपुढे व्हायचं असतं. पुसलेल्या चार आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप, ७ आहे. म्हणजे त्या मुलीने द्रव नीट ढवळला होता, पेशींची गुठळी नव्हती, चौकोन तिने प्रामाणिकपणे मोजले होते. हे सगळं त्या पेन्सिलीच्या ओळीत लिहिलेलं होतं. पेनाच्या ओळीचं प्रमाण विचलन ०.८ आहे. इतके जवळजवळचे चार आकडे निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास येते. १९३६ मध्ये रोनाल्ड फिशरने मेंडेलच्या वाटाण्यांचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्याला आक्षेप घ्यावासा वाटला तो याच जातीचा होता: निकाल सिद्धांताच्या जितके जवळ असायला हवेत त्याहून जास्त जवळ आहेत. जाणत्या परीक्षकाला शंका यायला हवी ती निळ्या पेनाच्या ओळीची.

क्वांटिटेटिव्ह बायॉलॉजी, म्हणजे मोजणी आणि गणिताच्या वाटेने केलेलं जीवशास्त्र, हा विषय पदवीला घ्यावा का, असं बारावीनंतर मुलं आणि त्यांचे आईवडील विचारतात तेव्हा बोलणं बहुतेक वेळा कॉम्प्युटर, डेटा, जीनोम यांच्याकडे जातं. माझ्या मते या विषयाचं मूळ त्या चार चौकोनांत आहे. जिवंत गोष्टी एकसारख्या वागत नाहीत, आणि त्या किती आणि कशा वेगळ्या वागतात त्यावरूनच आत काय चाललं आहे हे कळतं. सरासरी काढून हा फरक बाजूला सारायला आपण शिकवतो. या विषयात तो फरक हाच अभ्यासाचा माल आहे.

यीस्टची ही मोजणी कुणी साध्यासुध्या हौसेने सुरू केलेली नाही. डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा रसायनतज्ज्ञ बीअरच्या यीस्टची मोजणी करत असे. किती यीस्ट टाकलं यावर आंबण्याचा वेग ठरतो, म्हणून त्या मोजणीवर किती विसंबायचं हे कंपनीला कळायला हवं होतं. १९०७ मध्ये त्याने हिमोसायटोमीटरच्या मोजणीतल्या चुकीवरच निबंध लिहिला, ४०० चौकोनांतले आकडे मांडले आणि ते प्वासाँच्या वाटपाप्रमाणे, म्हणजे स्वैर विखुरलेल्या गोष्टी मोजल्यावर पडावेत तसे, पडतात हे दाखवलं. कंपनीच्या नियमामुळे त्याला स्वतःच्या नावाने छापता येत नव्हतं, त्यामुळे निबंधावर सही 'स्टुडंट' अशी आहे. पुढच्याच वर्षी त्याच सहीने टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासायची रीत, आली, जी आज प्रत्येक बीएस्सीचा विद्यार्थी कधी ना कधी वापरतो. संख्याशास्त्राचं हे सगळ्यांत ओळखीचं हत्यार यीस्ट मोजणाऱ्या माणसाच्या टेबलावर तयार झालं, हे गोव्यात तरी शिकवताना सांगितलंच पाहिजे. इथे मार्च-एप्रिलमध्ये बोंडांच्या रसाचा वास डोंगरउतारावरून गावात उतरतो, आणि हुर्राक, म्हणजे बोंडांच्या रसाची पहिली दारू, किती निघणार हे त्याच जातीच्या पेशी ठरवत असतात.

आता मोजणी प्रत्यक्ष कशी होते ते पाहू, कारण सगळे घोळ इथे होतात. हिमोसायटोमीटरच्या कोपऱ्यातला मोठा चौकोन एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटर, आणि वरची काच बसल्यावर खोली ०.१ मिलिमीटर. म्हणजे एका चौकोनावर ०.१ मायक्रोलिटर द्रव, आणि म्हणूनच तो दहा हजारांचा गुणक. काच नीट बसली की कडेला इंद्रधनुषी वलयं दिसतात. ती दिसली नाहीत तर खोली जास्त आहे आणि पुढचं सगळं गणित फुगलेलं. नमुना पिपेटने काचेच्या कडेला टेकवायचा आणि तो आपोआप आत ओढला जाऊ द्यायचा. खाचेत सांडला तर धुऊन पुन्हा. भरल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, पेशी तळाला बसल्या की एकाच फोकसमध्ये दिसतात. रेघेवर बसलेल्या पेशींपैकी वरच्या आणि डाव्या रेघेवरच्या घ्यायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या, नाहीतर शेजारच्या चौकोनातली पेशी दोनदा मोजली जाते. यीस्टला कळ्या फुटतात. कळी मूळ पेशीच्या निम्म्याहून लहान असेल तर दोन्ही मिळून एक धरायची. नियम कोणताही चालेल, पण सगळ्या वर्गाचा एक हवा आणि तो मोजणीआधी ठरलेला हवा. मिथिलीन ब्लू घातलं तर मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. ते मोजायला उशीर करू नये, रंग जिवंत पेशींनाही हळूहळू त्रास देतो.

सगळ्यांत जास्त चूक मात्र सूक्ष्मदर्शकाच्या अलीकडेच झालेली असते. यीस्ट जड असतं, नळी स्टँडमध्ये पाच-दहा मिनिटं राहिली की तळाशी बसतं, आणि वरचा नमुना घेणाऱ्याला कमी आकडे येतात, तळाचा घेणाऱ्याला जास्त. काही जातींच्या पेशी कॅल्शियममुळे एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात, तेव्हा एका चौकोनात १२ आणि शेजारच्यात ९० असा प्रकार होतो. कॅल्शियम धरून ठेवणारं थोडं ईडीटीए घातलं की गुठळ्या सुटतात. यातलं काय झालं हे ओळखायची खूण पुन्हा तीच: आकड्यांचं विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, सरासरीच्या मानाने किती आहे? दोन्ही जवळपास सारखे असतील तर ढवळणं ठीक. विचरण कित्येक पट असेल तर गुठळ्या किंवा गाळ. विचरण सरासरीहून फारच कमी असेल तर आकडे कुणीतरी नीटनेटके केले आहेत. वर्गातल्या सगळ्यांचे कच्चे आकडे फळ्यावर एकत्र लिहून हा एक भागाकार केला, तर त्या दोन तासांत संख्याशास्त्राचं अर्धं सेमिस्टर शिकवून होतं. बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. प्रत्येकाची सरासरी त्याच्या त्याच्या जर्नलात बंद होते आणि फळा कोरा राहतो.

या विषयाला येणारी मुलं दोन वाटांनी येतात. एक वाट बायॉलॉजीची: अकरावीला गणित सोडलेलं, चित्रं सुंदर काढणारी, नावं पाठ असलेली आणि लॉग म्हटलं की गप्प होणारी. दुसरी वाट गणित-कॉम्प्युटरची: समीकरण भराभर सोडवणारी, पण पिपेटचं बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं की दुसऱ्या, हे माहीत नसलेली. गोव्यातल्या बहुतेक कॉलेजांत मेजर म्हणून बॉटनी, झूलॉजी, मायक्रोबायॉलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीच मिळतं. क्वांटिटेटिव्ह बायॉलॉजी ज्याला करायची आहे त्याने मायनर आणि ऐच्छिक विषयांतून ती स्वतः जुळवायची. झुआरीनगरला बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसमध्ये जीवशास्त्राच्या एमएस्सीला इंजिनिअरिंग जोडून घेता येतं, तिथे हा सांधा थोडा सोपा होतो. बाकीच्यांनी काय जुळवावं? क्रम चुकला तर मूल विषय सोडतं, म्हणून क्रमाविषयी मी हट्टी आहे. आधी लॉग आणि घातांक, तेही आलेख कागदावर हाताने काढून. मग संभाव्यता: द्विपद, प्वासाँ, नॉर्मल, या क्रमाने आणि प्रत्येकीला स्वतः मोजलेले आकडे जोडून. कॅलक्युलस त्यानंतर, आणि तेही आधी उतार म्हणून, दर म्हणून. शेवटी मॅट्रिक्स. बहुतेक अभ्यासक्रमांत कॅलक्युलस पहिल्या सेमिस्टरला येतं आणि संभाव्यता शेवटी, सवड मिळाली तर. बायॉलॉजीच्या मुलाला पहिल्या दिवशी लागते ती संभाव्यता, कारण पहिल्या दिवशी त्याच्या हातात मोजणी असते.

डिफरन्शिअल समीकरणं सोडवायला तयार सॉफ्टवेअर द्यायच्या आधी एकदा तरी पायरी-पायरीने हिशेब करायला लावावा. लॉजिस्टिक वाढीचं, म्हणजे कमाल मर्यादेजवळ मंदावणाऱ्या वाढीचं, समीकरण घ्यायचं, एक्सेलच्या एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात संख्या, आणि प्रत्येक ओळीत मागच्या ओळीवरून पुढची. पायरी लहान असते तोवर सुंदर एस आकाराची रेषा येते. वाढीचा दर गुणिले पायरी हा आकडा १च्या वर गेला की रेषा कमाल मर्यादेच्या वर-खाली उड्या मारू लागते, २च्या वर गेला की स्थिरावतच नाही. पाहणाऱ्याला वाटतं लोकसंख्या हेलकावे खाते आहे. ते हेलकावे हिशेबाच्या पायरीचे असतात, प्राण्यांचे नव्हे. आणि तरीही, पिढ्या खरोखरच वेगवेगळ्या असलेल्या किड्यांत असे हेलकावे निसर्गातही येऊ शकतात, हे रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये किती साध्या समीकरणातून दाखवलं होतं. कुठला हेलकावा कुणाचा, हे ओळखायला हाताने एकदा चुकीची पायरी घेऊन बघितलेली असावी लागते.

वाढीचा आलेख हे पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं सगळ्यांत मोलाचं प्रॅक्टिकल. तिथेच सगळ्यांत जास्त घाई होते. बोंडांच्या रसात यीस्टची वाढ मोजायची तर रस आधी सेंट्रिफ्यूज करून गाळून घ्यावा लागतो. तो मुळात गढूळ, त्यात टॅनिन, त्यामुळे स्पेक्ट्रोफोटोमीटर यीस्ट नसतानाही आकडा दाखवतो. ब्लँक, म्हणजे शून्य धरायचा नमुना, त्याच गाळलेल्या रसाचा, साध्या पाण्याचा नव्हे. ६०० नॅनोमीटरला ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे द्रवाचा गढूळपणा) घ्यायची, दर अर्ध्या तासाने, आणि प्रत्येक वेळी नळी हलवून. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे क्युव्हेटच्या, म्हणजे नमुना ठेवायच्या चौकोनी नळीच्या, भिंतीला चिकटतात आणि आकडा वर उडवतात, म्हणून क्युव्हेट हलकेच टिचकावून मग झाकण लावायचं. ओडी ०.५च्या पुढे गेली की पेशी एकमेकींच्या सावलीत येतात, प्रकाश विखुरण्याचा हिशेब सरळ रेषेत राहत नाही. तेव्हा दहा पट पातळ करून मोजायचं आणि दहाने गुणायचं. मग नैसर्गिक लॉग घेऊन वेळेसमोर आलेख. मधला सरळ तुकडा शोधायचा, त्यात किमान चार-पाच बिंदू हवेत, आणि फक्त त्याचाच उतार काढायचा. तीन तासांत ओडी ०.०८ वरून ०.३२ झाली, तर उतार ताशी ०.४६ आणि दुप्पट व्हायला दीड तास. एक्सेलला सगळे बिंदू दिले, सुरुवातीची सुस्ती आणि शेवटची थबकलेली वाढ धरून, तर तोही एक उतार काढून देतो, वर आर-वर्ग (रेषा बिंदूंवर किती नीट बसते याचं माप) ०.९ दाखवतो, आणि उत्तर निम्म्यावर येतं. मशीनला हे कळत नाही. आलेखाकडे बघणाऱ्याला कळतं, पण बघावं लागतं.

पावसाळ्यात इथे आणखी एक अडचण. जूनपासून हवेत इतकी ओल असते की पेट्रीडिशच्या झाकणाला आतून थेंब धरतात, ते अगारवर (वसाहती वाढवायच्या घट्ट थरावर) पडले की वसाहती एकमेकींत मिसळतात आणि मोजता येत नाहीत. डिश उलट्या ठेवायच्या, ओतण्याआधी अगार ४५-५० अंशांपर्यंत निवू द्यायचं, ओतून झाल्यावर वाळायला वेळ द्यायचा. ३० ते ३०० वसाहतींची डिश मोजण्याजोगी धरतात, त्याचंही कारण वर्गमूळच आहे: ९ वसाहतींत चूक ३, म्हणजे तिसरा हिस्सा, १०० वसाहतींत १०, म्हणजे दहावा. तीनशेच्या वर वसाहती एकमेकींवर चढतात. हे कारण सांगितलं की नियम पाठ करावा लागत नाही.

विचरणातून केवढं मोठं सत्य हाती लागू शकतं, याचं माझ्या दृष्टीने सगळ्यांत देखणं उदाहरण १९४३ चं आहे. साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांना प्रश्न होता: जिवाणूंना मारणारा विषाणू घातल्यावर काही जिवाणू वाचतात, ते विषाणू समोर आल्यामुळे बदलतात की आधीच बदललेले असतात? थेट बघून हे ठरवायला त्या काळी काही साधन नव्हतं. लुरियाला वाट सुचली ती एका समारंभात सहकाऱ्याला स्लॉट मशीनवर खेळताना बघून. पुष्कळ वेळा शून्य, मधूनच घबाड. त्यांनी वेगवेगळ्या नळ्यांत थोडेथोडे जिवाणू वाढवले आणि प्रत्येक नळीतले वाचलेले मोजले. बदल विषाणूमुळे घडत असेल तर सगळ्या नळ्यांत आकडे प्वासाँप्रमाणे पडायला हवेत, विचरण सरासरीइतकं. बदल आधीच, वाढ चालू असताना कधीतरी घडत असेल, तर ज्या नळीत तो लवकर घडला तिथे वंश मोठा, जिथे उशिरा तिथे लहान. त्यांच्या एका प्रयोगात २० नळ्यांपैकी ११ नळ्यांत एकही नाही, कुठे १, कुठे ३, कुठे ६४, आणि एकीत १०७. सरासरी ११, विचरण साडेसातशेच्या घरात. प्रश्न सुटला. शिवाय रिकाम्या नळ्यांच्या प्रमाणावरून, २० पैकी ११ म्हणजे ०.५५ आणि त्याच्या नैसर्गिक लॉगचं चिन्ह बदलून ०.६, एका नळीमागे सरासरी किती बदल घडले तेही निघालं. कुणा विद्यार्थ्याने जर्नलात हे आकडे 'बरोबर येत नाहीत' म्हणून अकरा-अकरा करून टाकले असते, तर सरासरी तीच राहिली असती आणि शोध कायमचा गेला असता.

गोव्याच्या मुलांना आणखी एक नाव अभ्यासक्रमातच भेटायला हवं आणि ते भेटत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी. पणजीत त्यांच्या नावाने विचारमहोत्सव भरतो, इतिहासकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात. वडील धर्मानंद सांखवाळचे, आणि आज बिट्सचा कॅम्पस आहे तो त्याच सांखवाळच्या हद्दीत. दामोदर मुळात गणिती. पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवत असताना, १९४४ मध्ये, त्यांनी आनुवंशिकीतल्या नकाशांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न असा: एकाच गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमध्ये अदलाबदल किती टक्के संततीत झालेली दिसते ते आपण मोजतो, पण दोघांच्या मधे दोनदा अदलाबदल झाली तर ती दिसतच नाही. म्हणून दिसणाऱ्या टक्केवारीवरून खरं अंतर काढायला सूत्र लागतं. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेनने १९१९ मध्ये दिलेल्या सूत्रात प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात एक झाली की जवळपास दुसरी होणं अवघड होतं. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात घेतला. सूत्र सोपं आहे: अदलाबदलीचं प्रमाण दुप्पट करा, ते एकात मिळवून आणि एकातून वजा करून दोन्हींचा भागाकार करा, त्याचा नैसर्गिक लॉग घ्या आणि २५ने गुणा. ५ टक्क्यांना कोसंबींचं अंतर ५.०, हाल्डेनचं ५.३ सेंटिमॉर्गन (जनुकांच्या नकाशावरचं अंतराचं एकक). जवळ आहेत. २० टक्क्यांना २१.२ आणि २५.५. ३० टक्क्यांना ३४.७ आणि ४५.८. जनुकं जितकी लांब, तितका गृहीतकाचा फरक मोठा होत जातो. आजही जनुकांच्या नकाशावरच्या निबंधांत 'अंतर कोसंबी सूत्राने काढलं' असं वाक्य सर्रास असतं. कॅल्क्युलेटर घेऊन दहा मिनिटांत हे तीन आकडे काढता येतात, आणि एकाच मोजणीवरून दोन शहाणी माणसं वेगवेगळ्या अंतरावर का पोचतात हे त्या दहा मिनिटांत समजतं.

कॉम्प्युटरविषयी थोडक्यात. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी कुठलीही एक, दोन्ही फुकट. कच्चा आकडा कधीही पुसायचा नाही, दुरुस्त केलेला शेजारच्या रकान्यात जाईल. एका ओळीत एकच मोजणी, रंग भरून माहिती साठवायची नाही, तारीख पूर्ण लिहायची. एक्सेल स्वतःच्या डोक्याने मार्च१, सेप्ट२ अशा जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकत असे, आणि हा गोंधळ इतका पसरला की २०२० मध्ये शेवटी माणसाच्या जनुकांचीच नावं बदलावी लागली.

बाहेर पडल्यावर, चिखलात, हा विषय आणखी खरा होतो. चिखलीच्या उपसागरात ओहोटीला बायका तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला उतरतात. तिथे एखाद्या विद्यार्थ्याने पाव मीटर बाय पाव मीटरची चौकट टाकून चिखल खणला आणि चाळणीत धुतला, तर समजा दहा चौकटींत असे आकडे येतील: ०, ०, २, १७, १, ०, ५, ३१, ०, ४. सरासरी ६. विचरण १०४. प्वासाँ असता तर ६ असतं. म्हणजे तिसऱ्या विखुरलेल्या नाहीत, वस्ती करून आहेत. सरासरीची प्रमाण चूक (विचरणाला चौकटींच्या संख्येने भागून घेतलेलं वर्गमूळ) ३.२ येते, ६ अधिक-उणे ३.२, म्हणजे बोलण्यासारखं काहीच नाही. ही चूक सरासरीच्या दहा टक्क्यांवर आणायची तर २८९ चौकटी लागतील. एका ओहोटीत दोघे मिळून फार तर पंधरा-वीस चौकटी नीट करू शकतात, कारण पाणी परत यायला लागतं आणि भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिण्याआधी हा एक भागाकार केला असता तर कितीतरी मुलांचे सहा-सहा महिने वाचले असते.

पण २८९ चौकटींशिवायही वाट आहे, आणि ती विचरणातूनच निघते. प्रत्येक चौकट पाण्याच्या रेघेपासून किती वर होती हे त्याच वेळी लिहून ठेवलं असेल, तर दहा आकडे दोन गटांत लावून बघायचे. समजा वरच्या पाच चौकटींत मिळून एकच तिसरी निघाली आणि खालच्या पाचांत एकोणसाठ. १०४ मधला एक मोठा वाटा केवळ उंचीचा होता. पुढच्या ओहोटीला वरच्या पट्ट्यात दोन-तीन चौकटी पुरतात, बाकी सगळा वेळ खालच्या पट्ट्याला. तरीही खालच्या पाचांत एक चौकट २ची आणि एक ३१ची आहे. वाळूचा कण किती जाड, गोड्या पाण्याचा ओहोळ कुठून येतो, चिखल किती काळा आणि वासाचा, हे सगळे रकाने हवेत. आणि एक रकाना असा आहे जो कुठल्या उपकरणाने भरत नाही. काढणाऱ्या बायकांना विचारायचं, "मावशी, काल-परवा तुम्ही कुठल्या बाजूला खणलंत?" त्या हात करून दाखवतात, आणि बहुतेक वेळा दोनची चौकट त्याच बाजूला असते. उत्तर जागेवरच, तारखेसकट, तक्त्यात लिहायचं.